पाठ केलेले फोटो

युरोप-इंग्लंडच्या सहलीचे फोटो बघायला रविवारी दुपारी न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातल्या घरी तीन मराठी कुटुंबं जमली होती. मुलगा क्षितिज टीव्हीवर फोटो लावणार आणि शिरीषराव सोफ्यावर ऐसपैस बसून वर्णन करणार, असा बेत होता. स्नेहलताबाई चहाचा ट्रे घेऊन उगाचच टीव्हीपाशी घुटमळत होत्या. शिरीषरावांना टीव्हीवरचं काही दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालता-फिरता येईल, पण वाचणं संपलं आणि गाडी चालवणं तर मुळीच नाही. क्षितिजला कळलं तर तो तिकिटं रद्द करील आणि पुन्हा या जन्मी आपण कुठे जात नाही, असं म्हणून शिरीषरावांनी बायकोकडून वचन घेतलं. नवऱ्याचा हट्ट पुरवायची चाळीस वर्षांची सवय, बाईंनी दिलं.

प्रवासात प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचून अख्ख्या डब्याला वैताग आणणारा हा माणूस. स्वित्झर्लंडच्या गाडीत तो खिडकीशी गप्प बसून राहिला, तेव्हा बाईंना भडभडून आलं. मग त्यांनीच स्टेशनं वाचायला घेतली. खिडकीतून दिसेल तेही सुचेल तसं सांगत गेल्या. इंग्लंडमध्ये भाड्याची गाडी त्यांनीच चालवली. एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढून जेमतेम वाणसामानापुरती गाडी बाहेर काढणाऱ्या बाई यॉर्कशरच्या दगडी कुंपणांमधून गाडी नेत होत्या आणि तोंडाने वर्णनही करत होत्या. क्षितिजला फोनवर सांगितलं, बाबांचा गुडघा दुखतोय.

आदल्या दिवशी दोघांनी चाळीस फोटोंचा क्रम, शाळकरी मुलं पाढे पाठ करतात तसा, पाठ केला होता.

सुरुवात झकास झाली. डोंगरावरचा बर्फ कसा, तर शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तसा, असं शिरीषराव म्हणाले आणि सगळे हसले. क्षितिजने मात्र वळून वडिलांकडे पाहिलं. इंजिनीअर बाप डोंगराची उंची मीटरमध्ये सांगायचा. त्याला शंकरपाळे कधीपासून सुचायला लागले?

घोळ पुढे झाला. आईच्या फोनमधलेही फोटो असावेत म्हणून क्षितिजने सकाळीच ते मध्ये घातले होते, बिचाऱ्याने प्रेमानेच. टीव्हीवर रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या मेंढ्या आल्या आणि शिरीषराव रंगात येऊन लुझर्नच्या लाकडी पुलाच्या कठड्यांवरची फुलं दाखवू लागले. थट्टा समजून पाहुणे हसले. मेंढ्या बघायला एवढ्या लांब कशाला, इथे हीप्स आहेत, ढिगाने, असंही कुणीसं म्हणालं. बाईंनी घाईघाईने चहा पुढे केला.

क्षितिज हसला नाही. तो वडिलांसमोर येऊन बसला.

"बाबा, टीव्हीवर काय आहे?"

आता गुडघ्यासारखंच एखादं खोटं निमित्त निघणार, असं बाईंना वाटलं.

"मला दिसत नाही रे," शिरीषराव म्हणाले. "तिकडेही दिसत नव्हतं. सगळा युरोप मला हिने सांगितला. एक स्टेशन गाळलं नाही. इतका चांगला प्रवास माझ्या आयुष्यात झाला नव्हता."

पाहुणे आपापल्या कपात बघत राहिले. चाळीस वर्षांत या माणसाने चारचौघांत आपल्याला चांगलं म्हटल्याचं बाईंना आठवेना. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

क्षितिज उठला. आता बोलणी खावी लागणार म्हणून बाई उभ्याच राहिल्या. त्याने त्यांच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि रिमोट दिला.

"आई, काय दिसतंय ते तू सांगत जा. आणि पुढच्या वेळी मला सांगून जा."

बाई नवऱ्याला खेटून बसल्या. त्या टीव्हीकडे वळल्या.

"मेंढ्या आहेत."

"हां, यॉर्कशर," शिरीषराव म्हणाले. "वीस मिनिटं हलल्या नाहीत. हिने एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही. त्यात एक काळ्या तोंडाची आहे बघा, डावीकडे."

सगळ्यांनी पाहिलं. ती डावीकडेच होती.