कड्या नसलेली पेटी

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही. शमुवेल चाकणला एका शेडमध्ये लाकडी पेट्या बनवतात. गाड्यांचे सुटे भाग परदेशी जातात ना, त्या पेट्या. हात इतका चांगला की मालक दुसऱ्या कुणाला मोठं काम देत नाही. पण ह्यांचा जीव त्यात नाही. "करुणा, देवानं मला काय पेट्या ठोकायला जन्माला घातलं?" हा प्रश्न मी रोज चहाबरोबर ऐकते.

उत्तर शोधायला ह्यांनी चर्चमध्ये काय काय केलं नाही? आधी ढोलकी वाजवली. मग मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवलं. मग उपवास धरले आणि माझ्यावर खेकसले. तरी चैन नाही. जेवायला बसले की गुडघा हलायला लागतो आणि ताटातली आमटी हिंदकळते. मी म्हणते, "प्रभू बोलेल हो, पण तुम्ही जरा गप्प बसाल तर!"

यंदा त्यांनी सेमिनरीत अर्ज केला. पाळक व्हायचं. वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. शनिवारी पुण्यात मुलाखत होती. त्याच्या आधीच्या रविवारी ह्यांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, "प्रभू सांगेल ते करीन, मागंपुढं बघणार नाही." साक्ष लांबतच गेली. शेवटच्या बाकावरून सयाजीमामा खोकले. मामा म्हणजे कंपनीतून निवृत्त झालेले टर्नर. कुणाचंही भाषण लांबलं की ते असेच खोकायचे आणि बाहेर भेटले की म्हणायचे, "आवरतं घे, बाळा." त्या दिवशीही म्हणाले.

शनिवारी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. सयाजीमामा पहाटे प्रभूकडे गेले होते. माती आजच चार वाजता. नेहमीचा शवपेटीवाला गावाला गेलेला, दुसरा फोन उचलेना. "शमुवेल, तूच पेटी करून दे," साहेब म्हणाले. "दुसरं कोण आहे आपल्याकडं?"

"हो, साहेब," एवढंच हे बोलले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

माझा संताप झाला. "अहो, मुलाखत आहे म्हणून सांगायचं ना! ते विसरलेत."

"मागच्या रविवारी सगळ्यांसमोर काय बोललो मी?"

"तो प्रभूचा फोन नव्हता. पाळकसाहेबांचा होता!"

खरं सांगायचं तर हे सेमिनरीत जावेत असं मला कधीच वाटलं नव्हतं. लागलेलं काम सोडून तीन वर्षं घर कसं चालवायचं? मुलाखत टळावी म्हणून मी गुपचूप प्रार्थनाही केली होती. आता ती टळली, पण ह्यांचा चेहरा बघून मला जरासुद्धा आनंद झाला नाही. ह्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही चाकणला गेले.

मालकानं लाकूड दिलं, वर म्हणाला, पैशाचं नाव काढू नको. ह्यांनी पाईनच्या फळ्या काढल्या, मापं घेतली, कापल्या. मी आतून पांढरं कापड लावत होते. हे सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बाराला मुलाखत होती. बारा वाजले आणि हातोडी नेमकी अंगठ्यावर बसली. "बघ," ते अंगठा तोंडात धरून म्हणाले, "हेच माझं काम. पेट्या." मला रडू आलं. मी कापडाला खिळे मारत राहिले.

टेम्पो मोशीच्या चौकात अडकला, तरी वेळेत चिंचवडला मामांच्या घरी पोचलो. मामांना पेटीत ठेवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. शववाहिका मोठ्या रस्त्यावरच थांबली होती, कारण ड्रेनेजसाठी गल्ली खणून ठेवलेली. तिथवर पेटी हातानं न्यायची होती. आमच्यात दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात आणि कड्या धरून पेटी उचलतात. माणसं पुढं झाली, वाकली आणि तशीच थांबली.

"शमुवेल, कड्या कुठायत?" कुणीतरी विचारलं.

कड्या नव्हत्याच. खाली मात्र दोन जाड आडवे ठोकळे अगदी नीट मारलेले होते, फोर्कलिफ्टचे दात आत घालता यावेत म्हणून. इतक्या वर्षांत ह्यांनी केलेली एकही पेटी माणसाच्या हातानं उचलली गेली नव्हती. ती मशीन उचलतं. हात सवयीनं चालले आणि हे कड्या विसरले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांची बायको, कस्तुरामावशी, खुर्चीवर बसून सगळं बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात मामांच्या खालच्या मजल्यावर राहणारे नवनाथभाऊ पुढं आले. मूळचे चिंचवडगावातले, मामांबरोबर एकाच कंपनीत राबलेले. ते मघापासून बाजूला उभे होते. आपण हात लावायचा की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

"कड्या कशाला लागत्यात?" ते म्हणाले. "आमच्यात खांदाच देत्यात. मामा आमचं बी व्हतं. चालंल न्हवं, सायेब?"

साहेबांनी मान हलवली. ठोकळ्यांमुळं पेटीखाली हात सहज गेले. पेटी वर आली आणि खांद्यांवर बसली. आमची माणसं, त्यांची माणसं, दुकानदारसुद्धा पुढं आला. खणलेल्या मातीतून वाट काढताना सगळे एकमेकांना चिकटले. आमच्या बायकांनी गीत म्हणायला सुरुवात केली. हे पुढच्या कोपऱ्याला होते. लोक खांदा बदलत होते, पण ह्यांनी बदलू दिला नाही.

दफनभूमीत पेटी दोरांनी खाली सोडली, तेव्हाही ठोकळ्यांमधल्या फटीतून दोर सहज निघाले. माती झाली. लोक पांगले. हे पाळकसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "चुकलं, साहेब. एवढं साधं काम, तेही—"

साहेबांनी एकदम कपाळावर हात मारला. "अरे, आज तुझी मुलाखत होती! मी कसा विसरलो? थांब, प्राचार्य माझ्या ओळखीचे आहेत. आत्ता विचारतो." त्यांनी खिशातून फोन काढला.



तेवढ्यात कस्तुरामावशी आली. ह्यांच्या शर्टाचा खांदा लाकडानं घासून मळला होता. तिनं त्यावर हात ठेवला.

"शमुवेल, आमच्यात मयताला लांबूनच धरतात. आज माझ्या माणसाला लोकांनी जवळ घेतलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "माझी पेटी तूच कर, लेका. आणि कड्या लावू नको."

ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडतोस काय? माप आत्ताच घेऊन ठेव. मागाहून तुमची धावपळ होते."

ह्यांनी नाक पुसलं, खिशातून टेप काढला आणि मावशीच्या पायाशी बसून तो तिच्या टाचेला लावला. मी ह्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. तो हलत नव्हता.

"शमुवेल," पाळकसाहेब फोन हातात धरून म्हणाले, "लावू ना फोन?"

"थांबा, साहेब," हे म्हणाले. "माप घेतोय."