कापडाचा आकडा गालाला

मी उन्नतीचा फोटो बोलतोय. कागदावरचा नव्हे, कागदावर यायच्या आधीचा, कॅमेऱ्यातून निघालो तसा, कच्चा. भिवंडीत टेमघरला दीपेशचा स्टुडिओ आहे, तिथल्या कॉम्प्युटरात माझं बिऱ्हाड.

माझा जन्म २००७ सालच्या एका दुपारचा. उन्नती स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आली होती, सोबत तिची आजी राहीबाई. पोरगी बसली ती खांबासारखी ताठ. दीपेश म्हणाला, "जरा हस की, पासपोर्टचा न्हाय हा." ती फसकन हसली आणि मी झालो.

आता कच्चा फोटो दिसायला जरा मऊच. कॉम्प्युटरवर शार्पनेसची पट्टी सरकवली की कडा उठतात, पापणी न् पापणी मोजून घ्यावी. पण किती सरकवायची, तिथंच सगळं आहे. कमी पडली तर माणूस धुक्यातला, जास्त झाली तर गालाचा खरवडलेला पाटा.

त्या दिवशी सकाळीच दीपेशनं एका कापडवाल्याचे नमुने काढले होते. लूमवरच्या कापडाचा धागा न् धागा दिसला पाहिजे, असं त्या गिऱ्हाइकाचं सांगणं. म्हणून पट्टी पार टोकाला नेली आणि पुन्हा पुन्हा खटपट नको, म्हणून तोच आकडा कायमचा ठेवून दिला. दुपारी मला उघडलं, तर कापडाचा आकडा मला लागला. पडद्यावर मी तळहाताएवढा. मोठा करून त्यानं बघितलंच नाही. "खणखणीत आलाय," म्हणाला आणि छापला. उन्नतीचा मामा घाईत होता. पाकीट स्टुडिओतूनच उचलून तो थेट कोन गावाला, स्थळाच्या घरी गेला.

उन्नतीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. खुणा अशा, की हातभरावरून कळू नयेत. त्या छापात एकेका खुणेला काळी कड आली.

चार दिवसांनी राहीबाई तो छाप घेऊन आली.

"दीपेश, ही माझी नात हाय का रं? कोनवाल्यांनी परत धाडला. बोलले, पोरीला देवी आल्यात नि आमच्यापासून लपवलं."

"आजी, कॅमेरा खोटं न्हाय बोलत."

"कॅमेरा न्हाय बोलला. तू बोललास."

दीपेशनं मला उघडलं, पूर्ण मोठा केला. कापडाचाच आकडा समोर होता. त्यानं पट्टी मागं ओढली. डोळे आणि केसांच्या बटा तेवढ्या उठू दिल्या, गालांना पट्टी लागू दिली नाही.

राहीबाई वाकून बघत म्हणाली, "आता पुसूनच टाक त्या खुणा. साफ."

उन्नती दारात उभी होती. "नको आजी. हायत तेवढ्या राहू दे. उद्या त्यांच्या घरात गेल्यावर तोंड कुठं ठेवू?"

तसा मी दुसऱ्यांदा छापलो, जशी ती होती तसा. दीपेश स्वतः कोनला गेला, दोन्ही छाप घेऊन. परत आल्यावर राहीबाईला त्यानं एवढंच सांगितलं, "मुलाची आई बोलली, पहिला खरा, दुसरा तू गुळगुळीत केलास. पोरगी बघायला तरी या बोललो, तर बोलली, बघायचं ते बघितलं."

राहीबाईनं चपला घातल्या आणि ती निघाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

याला दोन वर्षं झाली. परवा उन्नतीच्या चुलतभावाच्या हळदीचे फोटो माझ्या शेजारी आले. तीनशे फोटोंत ती एकदाच, तीही पाठमोरी. दुसरं स्थळ आलं होतं, पण फोटो मागतात म्हणून तिनंच नको म्हटलं, असं राहीबाई सांगून गेली.

आता दीपेश प्रत्येक चेहरा मोठा करून, गाल बघून मग पट्टीला हात लावतो. मला मात्र उघडत नाही. माझ्या नावापाशी येतो आणि पुढं सरकतो.

दीपेश, लाज वाटते तुला, मला कळतं. पण एक छाप काढ. कुठल्या स्थळासाठी नको. तिच्या दारी जा, तिच्या हातात दे, आणि ती काय बोलेल ते उभ्यानं ऐकून घे.