रुळापुढची दांडी

चर्चच्या मागच्या खोलीत सकाळचे ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते उंच, अरुंद खिडकीच्या कडीवर येऊन थांबे, आत येऊ का असे विचारल्यासारखे. मग चौकटीवरून घरंगळत भिंतीवर उतरे आणि चुन्याचे पोपडे निघाले होते तिथे जरा रेंगाळे. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात शिरले की त्याचा एक थरथरता तुकडा छतावर जाऊन चिकटे. आज त्याच्या वाटेत खुंट्यांवर टांगलेले तीन झगे होते: एक काळा, एक पांढरा आणि एक पांढराच, पण जांभळ्या पट्ट्याचा. तिन्हींवरून ते सारख्याच मायेने सरकले. तुझा पंथ कोणता, असे उन्हाला कुणी विचारले नव्हते. धाकटे पाळक ते पाहत बसले होते. झग्यांपलीकडे फायलींचे फडताळ होते. उन्हाची कड शेवटच्या निळ्या फायलीपासून वीतभर अंतरावर आली, तसे ते उठले, खुर्ची फिरवली आणि फडताळाकडे पाठ करून बसले.

त्यांचा आवाज इतका हलका की मंडळीत त्यांना मागून ‘हळू पाळक’ म्हणत. लाउडस्पीकरवाल्याने तर एकदा सुचवले होते, यांच्यासाठी यंत्र नको, ऐकणाऱ्यांनाच पुढे बसवा. पण आज त्यांच्या आत जे उसळत होते त्याला कोणताही लाउडस्पीकर पुरला नसता.

गावातली तीन चर्च वीस वर्षे खांद्याला खांदा लावून झगडली होती. धाकट्या पाळकांचे वडील, थोरले पाळक, त्या कामाचे म्होरके. गिरणीच्या फाटकापुढे ते कामगारांबरोबर बसले होते, दोनदा कोठडीत गेले होते. त्याच एकीतून तिन्हींचा मिळून एक दवाखाना उभा राहिला होता. आणि आज तिन्ही मंडळ्या पहिल्यांदाच एका छपराखाली उपासना करणार होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच दवाखान्याच्या लाँड्रीत तिथे काम करणाऱ्या एका तरुण बाईचा उजवा हात मनगटापर्यंत गेला होता. धुतलेल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून इस्त्री होऊन निघत. रुळांपुढे एक दांडी असे. हात तिला लागला की यंत्र जागच्या जागी थांबे. यंत्र सारखे थांबते, चादरींची चळत उरकत नाही म्हणून व्यवस्थापकाने ती दांडी काढून ठेवली होती. अपघातानंतर बंद पडलेले यंत्र उद्या सकाळी सुरू व्हायचे होते, आणि दांडी अजून कोपऱ्यात उभी होती. लाँड्रीतल्या बायकांचे मागणे एवढेच होते: आज भरल्या चर्चमध्ये तिन्ही चर्चच्या प्रमुखांनी चूक कबूल करावी आणि दांडी बसल्याशिवाय यंत्राला हात लावू देणार नाही, असा शब्द द्यावा. निवेदन धाकट्या पाळकांनी लिहिले होते. ते संयुक्त समितीचे चिटणीस होते. आता टेबलाभोवती त्याची काटछाट चालली होती.

“‘निष्काळजीपणा’ जरा जड होतोय,” दुसऱ्या चर्चचे फादर म्हणाले. ते गोल, हसरे गृहस्थ होते. “‘दुर्दैवी घटना’ कर, धाकट्या. कुणाच्या घशात अडकणार नाही.”

“गिरणीच्या वेळी तुम्हीच घातला होता हा शब्द.”

“गिरणी आपली नव्हती रे.”

फादर स्वतःच हसले. बाकी कुणी हसले नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“एक वाक्य मात्र हवंच,” तिसऱ्या चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या. त्या कमी बोलत, आणि बोलल्या की वाद मिटे. “‘दांडी काढल्याची कल्पना आम्हाला कुणीही दिली नव्हती.’ मला तरी दिली नव्हती.”

“मलाही नाही,” फादर म्हणाले.

“माझ्यापर्यंत आलं असतं तर मी गप्प बसलो असतो का?” थोरले पाळक म्हणाले आणि मुलाकडे वळले. “लिही.”

धाकट्या पाळकांनी लिहिले. शेवटच्या शब्दाला निबाने कागद फाटला. मग त्यांच्या तोंडून जे निघाले त्याने ते स्वतःच दचकले.

“कळलं नाही, हा काय बचाव झाला? दर महिन्याला तुम्ही तिघं दवाखान्यात बैठकीला जाता, चहा-बिस्किटं होतात, ज्या टेबलावर होतात त्याचं कापडसुद्धा त्या बायकांनी इस्त्री केलेलं असतं. लाँड्रीचा उंबरा ओलांडलाय कुणी? मला कुणी सांगितलंच नाही, असं गिरणीचा मालकही म्हणाला होता, बाबा. तुम्ही त्याला भर रस्त्यात खोटारडा म्हणालात.”

“म्हणालो.” थोरल्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “तू बोलतोयस ते खरं आहे. पण तीन आठवडे पाहतोय, घरात बशी आपटतोस, आईशी धड बोलत नाहीस. तुला राग नक्की कुणाचा आलाय?”

“तुमचा. या सगळ्या गुळगुळीतपणाचा.”

“बरं,” वडील म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, हे त्या एका शब्दात होते.

दारावर टकटक झाली. लाँड्रीच्या मावशी आत आल्या. सोळा वर्षे सोड्याच्या पाण्यात घालून त्यांचे हात कोपरापर्यंत फिकट पडले होते. खुंट्यांकडे पाहून त्या म्हणाल्या, “आमच्याकडून इस्त्री झालेली दिसत नाही ही. बाहीला सुरकुत्या आहेत, फादर.”

“तुमचं मशीन बंद आहे ना, मावशी.”

“उद्या चालू होतंय म्हणे. म्हणून तर आले. पोरी बाहेर बाकांवर बसल्यात. काय वाचणार ते आधी ऐकू द्या, मग बसतील नाहीतर उठतील.”

धाकट्या पाळकांनी वाचायला सुरुवात केली. आवाज आणखी उतरला, मावशींना पुढे वाकावे लागले. ‘कुणीही कल्पना दिली नव्हती’ येताच त्यांनी फिकट हात वर केला.

“हे काढा.”

“का?” पाळकबाईंनी विचारले.

“खोटं आहे. मी लिहून दिलं होतं. याच खोलीत.”

“कुणाला?” थोरल्यांचा आवाज बदलला होता.

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, चौपदरी घडीचा कागद काढला. “पोच घेतल्याशिवाय आम्ही उशीचा अभ्रासुद्धा सोडत नाही, पाळकसाहेब. वॉर्डात चोवीस चादरी गेल्या तर चोवीसची सही. पत्राची नक्कल केली, तिच्यावरही सही घेतली. पेपरवाला बातमीसाठी दोनदा दारात आला होता, दाखवली नाही. म्हटलं, ज्यांची सही आहे ते आपणहून बोलतील. चांगली माणसं आहेत.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला, उघडला नाही. “तीन आठवडे झाले.”

कुणी हात पुढे केला नाही. फादरनी पाळकबाईंकडे पाहिले, पाळकबाईंनी फादरकडे. बाहेर वाद्याचे सूर जुळत होते. ऊन निळ्या फायलीवर पोचले असेल, हे धाकट्या पाळकांना न वळताच कळले. पत्र आले त्या सकाळी ते याच टेबलावर संयुक्त उपासनेचा क्रम सुवाच्य अक्षरात उतरवत होते. प्रभुभोजनाची भाकर आधी कोण मोडणार यावरून बैठक दोनदा मोडता मोडता राहिली होती. एवढा रविवार पार पडू दे, मग पत्राचे पाहू, असे तेव्हा कुणाच्या तरी मनात आले होते. ते मन कुणाचे, हा प्रश्न त्यांनी तीन आठवडे स्वतःला शिवू दिला नव्हता. त्याच्या जागी संताप उभा केला होता, आणि संताप किती देखणा दिसत होता.

“सही कुणाचीही असो,” थोरले पाळक सावकाश म्हणाले, “ते आज वाचलं जाईल. माझी असली तरी. आणि दांडी बसेपर्यंत यंत्र सुरू होणार नाही, हा शब्द मी देतो. तुम्ही दोघं?”

पाळकबाईंनी मान हलवली. फादर म्हणाले, “‘निष्काळजीपणा’ परत घाल, धाकट्या.”

धाकट्या पाळकांनी पेन उचलले. ते वाक्य खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिले: ‘दांडी काढल्याचे पत्र समितीच्या चिटणिसाला मिळाले होते.’ मावशींना उलट्या बाजूने ते वाचता येत नव्हते.

“काय लिहिलंत? वाचा की.”

त्यांनी वाचायला तोंड उघडले. मग थांबले, ‘समितीच्या चिटणिसाला’ यावर रेघ मारली आणि कागद खाली ठेवला. आता वाचायची गरज नव्हती. वडील त्यांच्याकडेच पाहत होते.

“पत्र मला मिळालं होतं,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. “अपघाताच्या अकरा दिवस आधी. मी ते वाचलं आणि फायलीत ठेवून दिलं.”