चौकटीत माणूस नको

पहिलं बक्षीस मिळालं की घरच्यांना आनंद होतो म्हणतात. मला त्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये भिंतीवरचे चारही फोटो ओढून काढावेत आणि कुणाच्या तरी डोक्यात घालावेत असं वाटत होतं. कुणाच्या, ते तेवढं ठरायचं होतं.

आमच्या वस्तीच्या वाचनालयाने हौशी लोकांसाठी फोटोंची स्पर्धा ठेवली होती. परिसरातली एकच जागा निवडायची आणि वर्षभरात, वेगवेगळ्या ऋतूंत, तिचे चार फोटो काढायचे. जिंकलेले फोटो हॉलच्या भिंतीवर कायमचे लागणार आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापले जाणार. जाहिरातीत खाली एक नियम ठळक अक्षरांत होता: चौकटीत माणूस नको, फक्त निसर्ग.

बाबांची सगळी नोकरी रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात गेली. खचलेली भिंत, पडलेला खड्डा, वाहून गेलेला कठडा, जे काही असेल त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवायचा हे त्यांचं काम. खात्याचा शिरस्ता असा की फोटोत त्या भिंतीशेजारी कुणीतरी उभं पाहिजे. नुसत्या भिंतीकडे बघून ती केवढी आहे ते कळत नाही, शेजारी माणूस असला की कळतं. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, पण हे खूळ सुटलं नाही. घरी नवा फ्रिज आला तेव्हा त्याचाही फोटो आईला शेजारी उभं करूनच काढला.

आईला हे अजिबात खपत नसे. मुळात फोटो म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. आम्ही फोन समोर धरला की ती तोंडापुढे हात धरायची, नाहीतर सरळ उठून स्वयंपाकघरात जायची. बाबा मात्र तिला तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली नेऊन उभं करत. "थोडी डावीकडे हो. अजून. हलू नकोस." मग डोळे बारीक करून हे गृहस्थ ढग सरकायची वाट बघत बसणार. आई एका हातात काळी छत्री धरून, दुसरा हात कमरेवर ठेवून, तिथूनच ओरडायची, "काढा की लवकर! मी काय फूटपट्टी आहे?"

ओरडायची, पण जायची. पावसाळ्यात गेली, पानगळीत गेली, थंडीत तो जांभळा स्वेटर घालून गेली. तीन फोटोंत ती नखाएवढी दिसते आणि तिन्हींत चिडलेली दिसते. तिच्या शेवटच्या वर्षातले आमच्याकडे तेवढेच फोटो. थंडी सरता सरता ती गेली. उन्हाळ्यात बाबा एकटेच तळ्यावर जाऊन आले. बूट काढता काढता म्हणाले, "झाडाचं माप नाही लागलं यावेळी." त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला.

स्पर्धेत त्यांनी ते चार फोटो दिले हे मला नंतर कळलं. त्यांना कॉपी वगैरे करता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यातलं कार्डच पाकिटात घालून देऊन आले होते. मी म्हटलं, "अहो बाबा, नियम वाचलात का? चौकटीत माणूस नको म्हणतात."

"माणूस कुठे आहे?" बाबांनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं. "ती तर तुझी आई आहे."

मला वाटलं, बाद करतील आणि कार्ड परत देतील. झालं भलतंच. पहिलं बक्षीस! सचिवबाईंचा फोन आला, समारंभाला कॅमेरा घेऊन या, विजेत्यांचा कॅमेऱ्यासकट फोटो काढायचाय. बाबांनी कपाट उघडलं, कॅमेरा पुसला, इस्त्रीचा शर्ट घातला. "आई भिंतीवर लागणार," मी म्हणाले. "फार बोलेल मला," बाबा म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

हॉलमध्ये शिरलो तर समोरच्या भिंतीवर फोटो. तळं होतं, झाड होतं, मागे बांधाची पांढुरकी भिंत होती. आई नव्हती. आधी मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या फोटोंसमोर उभी आहे. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुन्हा काढला.

"माझेच आहेत," ते म्हणाले. "पण हिला कुठे ठेवलं?"

मी सचिवबाईंना गाठलं. त्या हसतच म्हणाल्या, "नियमात बसत नव्हते ना! बादच होणार होते. पण इतके सुंदर, की म्हटलं, साफ करून घेऊ. आम्हाला तर नावंही माहीत नव्हती, पाकिटांवर नुसते नंबर. उघडलं तेव्हा कळलं, तुमचे बाबा! सगळी सफाई तुमच्या मामांची बरं का. आभार माना त्यांचे." आणि बक्षिसाच्या पिशवीसोबत त्यांनी कार्ड माझ्या हातावर ठेवलं.

मी ते तिथल्या तिथे बाबांच्या कॅमेऱ्यात घातलं. मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढे ढकलत गेले. पावसाळा, रिकामा. पानगळ, रिकामी. थंडी, रिकामी. मी पुन्हा पहिल्यापासून बघितले, जणू आई वाट चुकून मागच्या फोटोत गेली असेल.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईने त्याला कडेवर घेऊन वाढवला, शाळेत सोडला, अभ्यास केला नाही म्हणून बदडला. मुख्य रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे. आयुष्यभर लोकांच्या फोटोंतले तीळ, मुरमं, विजेच्या तारा आणि मध्येच आलेले नातेवाईक पुसत आला. समोर बसलेल्या माणसाशी बोलतानाही मामाची नजर त्याच्या कॉलरवरच्या डागावर असते. तो चहाचा कागदी कप घेऊन, छाती फुगवून आमच्याकडेच आला.

"भाऊजी, तुम्ही छुपे रुस्तम निघालात! मला सांगितलंही नाहीत. पोरी, कसे झालेत बघ, एकदम चकाचक. तारा काढल्या, बाटल्या काढल्या. एक गफलत मात्र राहिली." त्याने थंडीच्या फोटोकडे बोट दाखवलं. "बाई काढली, पण तिची सावली राहिली भिंतीवर. कॅलेंडर छापायच्या आधी तीही उडवतो."

"कुठली बाई, मामा?"

"असेल कुणीतरी फिरायला आलेली. छत्रीवाली. तीन फोटोंत नेमकी मध्ये कडमडलेली. चौथ्यात नव्हती, म्हणून बाकीचे तीन चौथ्यासारखे करून टाकले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी हळू आवाजात विचारलं, "मूळ फोटो कुठे आहेत?"

"मूळ कशाला ठेवतोय? साफ केले की कार्डावरच, त्याच नावाने सेव्ह करतो मी. दोन-दोन प्रती झाल्या की छापखान्यात घोळ होतो." तो अभिमानाने सांगत होता!

"सावली नीट बघ," मी म्हणाले.

"बघितली की. म्हणूनच तर—"

"नीट बघ म्हणते ना!"

हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. मामा फोटोजवळ गेला. थंडीतलं ऊन तिरपं, त्यामुळे बांधाच्या भिंतीवर सावली चांगली लांब पडली होती. एका बाजूला मिटलेली छत्री होती आणि दुसऱ्या बाजूला बाहेर काढलेलं कोपर. कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई. मामा लहानपणी उशिरा घरी आला की दारात ही अशीच उभी असायची, हे त्यानेच आम्हाला हजारदा सांगितलेलं.

त्याच्या हातातला कप कलंडला, चहा बुटावर सांडला. "ताई," तो म्हणाला.

मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. नाही आली. "तीळ दिसतो तुला! कॉलरवरचा डाग दिसतो, तारेवरचा पक्षी दिसतो. सख्खी बहीण दिसली नाही? तीनदा पुसलीस तिला, मामा. एकदा नाही, तीनदा!"

"एवढीशी होती गं," तो पुटपुटला. "लग्नांची कामं चालू होती, चेहरा मोठा करून बघितलाच नाही. खालीच बघत होतो, कडा जुळतायत की नाही." त्याने माझा हात धरला. "थांब, मी करतो काहीतरी. माझ्या लग्नातला फोटो आहे, ताई काय सुंदर हसली आहे त्यात! ती उचलून इथे बसवतो. कुणाला कळणारही नाही."

मी हात झटकला. "ती हसत नव्हती तिथे! चिडली होती. बाबांवर, उन्हावर, त्या ढगावर, सगळ्यांवर चिडली होती आणि तरी उभी होती. हसणारी आई आणशील रे अल्बममधून. तिचा राग कुठून आणणार आहेस? सांग ना, कुठून?"

सचिवबाई "शांत व्हा, शांत व्हा" करत मध्ये आल्या, त्यांनाही मी ऐकवलं. तुमचा निसर्ग, तुमचा नियम, तुमची चौकट. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला होता असं नंतर लोकांनी सांगितलं.

"हलू नकोस."

मी वळले. बाबा चार पावलं मागे जाऊन, कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते.

"बाबा, आत्ता?"

"थोडी डावीकडे हो," ते म्हणाले. "फोटो केवढे आहेत ते कळायला हवं. अजून थोडी. हलू नकोस म्हटलं ना." आणि मग ते पुढून कुणी जायचं थांबेल याची वाट बघत बसले. वाट बघतच बसले.

"काढा की लवकर!" मी ओरडले. "मी काय फूटपट्टी आहे?"

तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते. माझा हात कमरेवर होता. मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाबांनी बटण दाबलं.

थंडीचा फोटो बाबांनी तेव्हाच स्वतःच्या हाताने उतरवून घरी आणला. कॅलेंडरला नकार कळवला. बाकीचे तीन अजून हॉलमध्ये आहेत. ज्यांना माणूस नको, त्यांनी बघत बसावं.

मामाशी मी धड बोलत नाही. बाबांनी माझा फोटो छापायला त्याच्याकडेच दिला, तेव्हा त्याने मला फोन केला. म्हणाला, मागे खुर्चीचा पाय आलाय, कुणाचं तरी अर्धं डोकं आलंय, आणि तुझं तोंड जरा जास्तच उघडं आहे. काय करू?

"हात लावून बघ," मी म्हणाले.