घोंगडीवरचा सर्बियन पाहुणा

मी एक जुनी घोंगडी आहे. रंगाने काळी, अंगाने खरखरीत. पण मित्रांनो, माझा मान मोठा! रायभान धनगराच्या मेंढरांची लोकर त्याच्या बायकोने, केवळाबाईने, कातली. मागावरून उतरल्यावर मला चिंचोक्याची खळ दिली, तेव्हा मी अशी ताठ झाले की विचारू नका. चारठाणा गावाच्या माळावर आमचा मुक्काम असे. लोकांत तंटा झाला की पंच मलाच अंथरत. माझ्यावर बसून खोटं बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. भलेभले बसण्याआधी घसा खाकरत. मला मोठी मौज वाटे.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. सर्बिया नावाच्या दूरच्या देशातले दुशानसाहेब गावची जुनी देवळं पाहायला आले. ते तत्त्वज्ञ होते. देवळापाशीच त्यांना हिवतापाने गाठलं. रायभानने त्यांना उचलून आणलं आणि माझ्यावर निजवलं. केवळाबाईने शेळीचं दूध पाजून बरं केलं.

अंगात त्राण येताच साहेब मोडक्यातोडक्या मराठीत आपली हकिकत सांगू लागले. त्यांचे वडीलही मेंढपाळच. लहानपणी आईने शिकवलेल्या देवावर त्यांची श्रद्धा होती. शहरात शिकताना देव सुटला, बुद्धीवर भरवसा बसला. मग मोठ्या लढाईत दोघे भाऊ गेले आणि तो भरवसाही उडाला. 'माणूस कुणाचाच नसतो,' हा त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांनी मोठमोठ्या शहरांत व्याख्यानं गाजवली होती.

रायभान हसला. "सायेब, घोंगडीवर बसलाव तुमी. आता म्हना बरं त्येच."

साहेबांनी नुसताच घसा खाकरला.

केवळाबाईने हळूच विचारलं, "माय हाय का तुमाला?"

"आहे."

"तुमी जित्ते हाव, हे तिला ठावं हाय का?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. कित्येक वर्षांत त्यांनी घरी ख्यालीखुशाली कळवली नव्हती. भाऊ गेले, मी एकटाच वाचलो, आता आईला तोंड कसं दाखवू, या भीतीपोटीच आपण हा सिद्धांत उभा केला, असं म्हणून ते ढसाढसा रडले. मीही भिजले. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीने जिंतूरला निघाले. "घरी चाललो. पोचताच कळवतो," म्हणाले, तेही माझ्यावर बसूनच.

पण काहीच कळलं नाही. तिकडे पुन्हा लढाई पेटल्याचं बाजारात कानावर आलं. त्या दिवशी केवळाबाईने पुढ्यातली भाकरी बाजूला सरकवली.

"आवो, पोचला आसंल का त्यो? माय भेटली आसंल का?"

रायभान माझ्यावर बसला होता. तो उठला, माझ्यावरून खाली मातीत उतरला आणि म्हणाला, "पोचला. माय भेटली त्येला. तू जेव."

आता माझे धागे विरलेत, कसर लागलीय. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच मागते. माझं एका ठिगळावर भागेल. पण तुमची कुणी वाट पाहत असेल, तर निरोप धाडा. रायभानसारख्या माणसाला माझ्यावरून उठायला लावू नका.