रुखवत कुणाच्या हातचं

भार्गवीनं प्रकाशकाशी एकाच गोष्टीवरून भांडण केलं होतं, आणि ते जिंकलंही होतं. साताऱ्याच्या आजच्या कारागिरीवरचं हे चित्रांचं पुस्तक; त्यात प्रत्येक पानावर कारागिराचं नाव चित्राहून ठळक छापायचं. नुसते राबणारे हात काढायचे आणि खाली 'एक कलाकार' लिहून मोकळं व्हायचं, याचा तिला मनस्वी संताप होता. सासर सांगलीचं असलं तरी माहेर साताऱ्याचं, म्हणून चित्रांचं आणि मांडणीचं काम तिच्याकडे आलं, आणि नावांसाठी ती अशी काही हट्टाला पेटली की प्रकाशकांनी हात टेकले.

सदतीस पानं झाली. रेडियमची अक्षरं कापणारा दिग्विजय, ट्रॅक्टरसाठी गोंडे विणणारा धुळा, सगळे नावानिशी आले. अडतिसाव्या पानावर सुलाबाई आल्या आणि घोडं अडलं.

सुलाबाई रुखवत करायच्या. लग्नात नवरीच्या हातची कला म्हणून जे मांडतात, त्यातलं साताऱ्यातलं निम्मं तरी गेली बावीस वर्षं त्यांच्या हातचं. साहजिकच त्यांचं नाव कुणी घेत नसे. फोटो काढायचा नाही, ही गिऱ्हाइकांची पहिली अट. साखरेचं होतं ते मुंग्यांनी खाल्लं, बाकीचं पाहुण्यांनी नेलं. शाबूत अशी एकच वस्तू उरली होती: सुपाऱ्या, हळकुंडं आणि डाळींचा माहुलीचा घाट, पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या लवंगांच्या बायका. तो सांगलीत शकुंतलाबाईंच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होता. शकुंतलाबाई म्हणजे भार्गवीच्या सासूबाई. आठ वर्षं त्या आल्यागेल्याला सांगत होत्या, "आमच्या भार्गवीनं केलाय हो, लग्नात." तेवढ्यात भार्गवी चहा ठेवायला आत जाई.

"त्योच काढा ताई," सुलाबाई म्हणाल्या. "दुसरं काय शिल्लक हाय? आन् खाली माजं नाव घाला. नातीला दावायचंय. ती म्हनती, आज्जे, जल्मभर तू केलंस तरी काय?"

"घालते की," भार्गवी म्हणाली. म्हणायला काय जातंय.

चित्र तिनं जीव ओतून काढलं. एकेक लवंग उमटली. नावाची वेळ आली तेव्हा मात्र ती चार दिवस नुसती अक्षरांची जाडी बदलत बसली. 'सुलाबाई' लिहिलं की सासूबाईंचा चेहरा दिसे, मागोमाग त्यांच्या भिशीतल्या बायकांचे चेहरे दिसत. पुसलं की ती नात दिसे. पाचव्या दिवशी तिला एक शब्द सापडला आणि आपल्याच हुशारीचं तिला कौतुक वाटलं. पानावर छापून आलं, 'मार्गदर्शन: सुलाबाई'. नाव चित्राहून ठळक. नियम कुठेच मोडला नव्हता.

प्रकाशन साताऱ्यात झालं. सांगलीहून सासूबाई चार मैत्रिणींना गाडीत घालून आल्या. सुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी आपलं पान काढलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

"ह्ये म्होरलं काय लिवलंय?"

"म्हणजे... तुम्ही दाखवलंत, असं," भार्गवी म्हणाली.

"असं व्हय." सुलाबाईंनी पुस्तक मिटलं.

तेवढ्यात सासूबाई मैत्रिणींसह येऊन ठेपल्या. "त्या तुम्हीच का? घाट करायला आमच्या भार्गवीला तुम्हीच शिकवलंत ना?"

सुलाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. गिऱ्हाइकाची लाज झाकणं बावीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लय गुनाची पोर. दोन दिसांत शिकली बगा. मला हात लावायला लागला न्हाई."

भार्गवीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूबाई मात्र फुलून गेल्या. मैत्रिणींकडे वळून त्यांनी जाहीर केलं की माघात लेकीच्या मुलीचं, सोनमचं लग्न आहे आणि तिचं सगळं रुखवत आता तिची मामी, म्हणजे भार्गवीच करणार. मैत्रिणींनी माना डोलावल्या आणि सगळ्या चहाकडे गेल्या.

सुलाबाई भार्गवीजवळ सरकल्या. पुस्तक पिशवीत घालता घालता त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कवा पायजे?"

भार्गवीनं इकडेतिकडे पाहिलं आणि तारीख सांगितली.