मधल्या रेघेखालची

नर्सबाईंनी काट्यावरचा आकडा पाहिला, तक्त्यावर पेन्सिल टेकवली आणि "सरासरीच्या खाली" म्हणत आईकडे असं बघितलं, जणू अर्धा किलो बाळ ती घरीच विसरून आली होती.

"अंगावरचं दूध पुरत नाही. आजपासून बंद, डब्याचं सुरू करा." कार्डावर लाल शिक्का बसला: कमी.

"मी कधीची सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. सहा महिने त्यांनी दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

आईने कार्ड पुन्हा पाहिलं. सहा महिन्यांच्या चिमीचे सहाही ठिपके मधल्या रेघेखाली होते, पण तिला समांतर, शहाण्यासारखे वर चढणारे. एक जरी घसरला असता तरी ती स्वतःच धावत आली असती. मग तिची नजर टेबलावरच्या उघड्या वहीवर गेली. मोजायची खोड कॉलेजपासूनची.

"सिस्टर, आजच्या अठरा मुलांपैकी नऊ 'कमी' आहेत."

"बघा ना. हल्लीच्या आयांना लक्ष द्यायला नको."

"मधली रेघ म्हणजे पास व्हायचे मार्क नाहीत हो. बहुतेक मुलं तिच्या आसपास, मोजकी खूप वर, मोजकी खूप खाली. घंटेसारखा आकार होतो. निम्मी तिच्याखाली असणारच."

"मला वीस वर्षं झाली इथे," नर्सबाई म्हणाल्या. वीस वर्षं निम्म्या आयांना रडवायचं म्हणजे चिकाटी हवी.

भिंतीवर उंची मोजायची पट्टी होती. आईने सासूबाईंना हलकेच तिच्यापाशी उभं केलं.

"यांची उंची बायकांच्या सरासरीहून चार बोटं कमी. यांना कुठला डबा सुरू करू?"

"माझ्या उंचीला काय धाड भरलीय?" सासूबाई कडाडल्या. "आमच्या घरात सगळ्या अशाच. एक दिवस आजारी पडले नाही मी."

"चिमी तुमच्यावरच गेलीय."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. आता अपमान त्यांचा झाला होता. नातीचा होता तोवर चालला होता.

"खोडा तो."

"शिक्का खोडता येत नाही."

"मग राहू दे. तू बस गं त्या बाकावर, पाज तिला. कोण बंद करतंय बघते."

आई पाजायला बसली. पुढचं बाळ काट्यावर गेलं आणि लाल शिक्का आपटला.

दहावं, तिने मोजलं.